पाणी : पुरेसे तेवढे

फार्मसीच्या प्रयोगवहीत जेल बनवण्याचे सूत्र लिहिलेले असते, ते वाण्याच्या यादीसारखे दिसते. औषध एक ग्रॅम, जेल धरणारा पॉलिमर एक ग्रॅम, प्रॉपिलीन ग्लायकॉल अमुक मिलिलिटर, बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पॅराबेन इतके मिलिग्रॅम. प्रत्येक घटक तराजूवर तोललेला, दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांपर्यंत. शेवटच्या ओळीत मात्र आकडा नसतो. तिथे असते : पाणी, क्यू. एस. लॅटिन शब्दांचे हे लघुरूप. त्याचा अर्थ, पुरेसे होईल तेवढे. शंभर ग्रॅम भरेपर्यंत ओतत राहायचे. त्वचेवर चोळायच्या नेहमीच्या जेलमध्ये सर्वांत मोठा वाटा पाण्याचाच असतो आणि नेमका तोच घटक न मोजता लिहिण्याची रीत जगभर रुळली आहे. लातूरच्या प्रयोगशाळेत ही रीत जरा खटकायला हवी. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूर स्थानकात लागली, तेव्हा दुष्काळाने सुकलेल्या त्या शहरात ‘पुरेसे तेवढे’ या शब्दांना काही अर्थ उरला नव्हता.

हा लेख त्या शेवटच्या ओळीविषयी आहे. औषध शरीरात नेमके हवे तिथे आणि हळूहळू सोडणारे, शरीराला न टोचणारे पॉलिमर जेल आणि ते बनवण्यासाठी वापरले जाणारे ‘हरित’ द्रावक, या विषयावर आज जगभर शोधनिबंधांचा पूर आहे. नांदेडला गोदाकाठी विष्णुपुरीत उभे असलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्याचे लातूरचे उपकेंद्र आणि दोन्ही शहरांतली फार्मसी महाविद्यालये याच विषयाच्या कक्षेत येतात. या विषयाची सामग्री त्यांच्या दारात आहे : सोयाबीन, उसाची मळी, चिंचोका, किनवट-माहूरच्या जंगलातला धावड्याचा डिंक. म्हणून प्रश्न विचारावासा वाटतो की ‘हरित’ ठरवायचे कसे? माझे म्हणणे असे, की हे विशेषण एकट्या द्रावकाला लावून चालत नाही. द्रावक पॉलिमरमधून बाहेर कसा काढला, तो काढायला किती पाणी लागले आणि शेवटी मालात काय मागे राहिले, एवढा सगळा हिशेब मांडल्याशिवाय ते विशेषण कुणाला देऊ नये. आणि मराठवाड्यात त्या हिशेबाची पहिली ओळ पाण्याची असावी.

आधी द्रावक एवढा महत्त्वाचा का, ते पाहू. महाविद्यालयात शिकवला जाणारा सगळ्यात सरळ जेल कार्बोपोलचा. पांढरी, हलकी, हवेत उडणारी भुकटी पाण्यावर हळूच भुरभुरवायची. घाई केली तर वरून ओल्या आणि आत कोरड्या अशा गुठळ्या होतात, त्या मग कितीही ढवळा, फुटत नाहीत. रात्रभर भिजू द्यायचे. सकाळी भांड्यात पातळ, दुधट, आंबट द्रव असतो. त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब टाकत गेले की एका क्षणी सगळे एकदम दाटते आणि काचेसारखे पारदर्शक होते. पॉलिमरच्या साखळ्यांवरचे आम्लगट अल्कलीमुळे ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात, साखळ्या पसरतात आणि पाणी त्यांच्या जाळ्यात अडकते. या सगळ्यात पाण्याशिवाय द्रावक कुठे आला? कुठेच नाही. पण ती भुकटी कारखान्यात जन्मली तेव्हा आला होता. कार्बोपोल ९३४ आणि ९४० या क्रमांकांचे जुने प्रकार बेंझिनमध्ये बनवले जात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. औषधांतल्या उरल्यासुरल्या द्रावकांसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९७ पासून पाळली जाते, तिने बेंझिनला पहिल्या, म्हणजे टाळायच्याच वर्गात टाकून दहा लाखांत दोन भाग एवढीच सूट ठेवली. तरी हे प्रकार चालूच राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, बेंझिनमध्ये बनलेले कार्बोमर, म्हणजे याच जातीचे पॉलिमर, सोडून दुसऱ्या प्रकारांकडे वळण्यासाठी उत्पादकांना मार्गदर्शन जाहीर केले ते डिसेंबर २०२३ मध्ये. पर्याय तयारच होते : ९७४ पी हा प्रकार इथाइल अॅसिटेटमध्ये बनतो. म्हणजे ज्या जेलच्या कृतीत द्रावक दिसतही नव्हता, त्यातच तो वर्षानुवर्षे दडलेला होता. शरीरसुसंगत ही पदवी जेलला देताना पॉलिमरच्या साखळीची तपासणी झाली. ती साखळी कशात बुडवून काढली, याची चौकशी उशिरा झाली.

दुसरा नमुना याहून धीट आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे एक इंजेक्शन अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झाले, त्यात शरीरात विरघळणारा पॉलिमर एन-मिथाइल पायरोलिडोन या द्रावकात घोळून त्वचेखाली टोचतात. द्रावक आजूबाजूच्या पेशीजलात पसरून जातो, पॉलिमर तिथेच घट्ट होऊन बसतो आणि महिनोन्महिने औषध झिरपवत राहतो. कल्पना सुंदर आहे, आणि रुग्णाची रोजची सुई टळते. पण इथे द्रावक कारखान्यात राहत नाही, थेट माणसाच्या अंगात जातो. हाच द्रावक युरोपीय नियमांत प्रजननाला घातक म्हणून नोंदलेला आहे, आणि वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत त्याच्या अवशेषाची मर्यादा दहा लाखांत ५३० भाग आहे. पर्यायी द्रावक शोधणाऱ्यांची धडपड म्हणूनच योग्य आहे. तिची थट्टा करण्याचा इथे हेतू नाही.

लातूरकराला हा विषय परका वाटू नये, कारण तिथे ‘सॉल्व्हंट’ हा बाजारपेठेतला शब्द आहे. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या कारखान्याला सगळे ‘सॉल्व्हंट प्लांट’च म्हणतात, आणि तेल काढून उरलेल्या पेंडीला ‘डीओसी’. तिथला सॉल्व्हंट म्हणजे हेक्झेन, पेट्रोलियममधून येणारा. सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के तेल. घाण्यात दाबून ते पुरते निघत नाही म्हणून पोहे केलेले दाणे हेक्झेनने धुतात आणि मग हेक्झेन उडवून परत गोळा करतात. कच्च्या तेलात दोन-तीन टक्के चिकट ऐवज असतो, तो पाण्याने वेगळा करतात. त्याचा शुद्ध अवतार म्हणजे लेसिथिन. या लेसिथिनचा औषधी जेल होतो, हे झुरिकमधल्या स्कार्टाझिनी आणि लुईसी यांनी १९८८ मध्ये दाखवले : तेलकट द्रावकात लेसिथिन घोळून त्यात पाण्याचा अगदी लवलेश मिसळला की लांबच लांब गुंडाळ्या तयार होऊन सगळे थिजते. त्वचेतून औषध आत नेण्यासाठी हे जेल उपयोगी पडतात. कागदावर पाहिले तर लातूरचे सोयाबीन, त्यातले लेसिथिन, वनस्पतिज, शरीराला ओळखीचे, सगळे हिरवेगार. पण त्या लेसिथिनचा जन्म हेक्झेनच्या टाकीत झालेला असतो, आणि तेल काढून ते कोरडे करायला बहुधा अॅसिटोन लागतो. हेक्झेनची मर्यादा दहा लाखांत २९० भाग आहे. चांगला कारखाना ती सहज पाळतो. मुद्दा आहे तो ‘वनस्पतिज म्हणून हरित’ हे समीकरण कितपत टिकते, याचा.

आता हरित द्रावकांकडे. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यातले पाचवे द्रावकांविषयी आहे. त्यानंतर उमेदवारांची रांग लागली. लाकूड-भुशातल्या सेल्युलोजपासून बनणारा सायरीन आला. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि सुमारे ७३ वातावरण दाबापलीकडे नेऊन द्रवासारखा वापरण्याची पद्धत आली; दाब सोडला की तो आपोआप निघून जातो, मागे काही ठेवत नाही, पण त्याला लागणारी पोलादी भांडी लहान संस्थेच्या आवाक्यातली नाहीत. सर्वांत लाडका ठरला तो लेस्टरच्या अँड्रू अॅबट यांनी २००३ मध्ये प्रकाशात आणलेला प्रकार. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळते, युरिया १३३ अंशांना. एकास दोन प्रमाणात दोन्ही एकत्र केले तर मिश्रण १२ अंशांना द्रवरूप असते. एक कोंबड्यांच्या खाद्यातला घटक, दुसरा शेतातले खत. दोन्ही स्वस्त, ढवळून गरम केले की झाले. कोणत्याही महाविद्यालयात जमण्यासारखे. त्याची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून हवा दूषित होत नाही, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो. पण जे उडत नाही ते पॉलिमरमधून काढायचे कसे? धुऊन. आणि कशाने? पाण्याने, पुन्हा पुन्हा, जेल फुगवून आणि पिळून. इथे मला एक जुनी गोष्ट महत्त्वाची वाटते. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये रसायन उद्योगाची उधळपट्टी मोजणारा ‘ई फॅक्टर’ मांडला : एक किलो मालामागे किती किलो कचरा. पेट्रोलियमच्या धंद्यात तो किलोच्या अंशात, औषधांच्या धंद्यात पंचवीसपासून शंभराच्या वर. या एका आकड्याने औषध कंपन्यांची झोप उडवली. पण मूळ मांडणीत पाणी मोजायचे नाही असे ठरले होते. पाणी धरले तर आकडे इतके फुगतात की बाकीचा फरक दिसेनासा होतो, हे कारण नेदरलँड्ससारख्या पाणथळ देशात पटण्यासारखे आहे. उजनी किंवा मांजराचे धरण कोरडे पाहिलेल्या माणसाला ते पटू नये. पुढे औषध कंपन्यांनीच एकूण वस्तुमानाचा वेगळा निर्देशांक काढला आणि त्यात पाणी धरले, पण शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत अजून बहुधा ई फॅक्टरच येतो.

मग अल्कोहोल? हा आपल्या भागाचा सर्वांत स्वाभाविक उमेदवार. तो त्याच मार्गदर्शिकेच्या सर्वांत सौम्य वर्गात बसतो, दहा लाखांत पाच हजार भाग चालतात, उडून जातो, आणि लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. त्याच्यापासून होणारा इथाइल अॅसिटेट बेंझिनला पर्याय ठरला, हे वर आलेच. पण मळीपासून अल्कोहोल काढताना लिटरमागे आठ ते पंधरा लिटर तांबडेकाळे सांडपाणी, कारखान्याच्या भाषेत स्पेंट वॉश, बाहेर पडते. यावर उत्तर दिले जाते की मळी हे साखरेचे उपउत्पादन आहे, उसाला दिलेले पाणी साखरेच्या खात्यावर मांडा, अल्कोहोलच्या नव्हे. २०१८ पर्यंत हे उत्तर बरेचसे खरे होते. त्या वर्षापासून धोरणाने उसाचा रस आणि साखर कमी काढलेली ‘बी हेवी’ मळी थेट इथेनॉलकडे वळवायला उत्तेजन दिले. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्यही २०३० वरून २०२५ वर ओढले गेले. आता काही ऊस अल्कोहोलसाठीच लावला जातो असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही, आणि त्याच्या पाण्याचा वाटा अल्कोहोलच्या खात्यावर यायलाच हवा. अल्कोहोल वापरू नये असे यातून निघत नाही. तो फुकटचा हिरवा नाही, इतके निघते.

याच्या उलट बाजूला चिंच उभी आहे. बांधावरची, रस्त्याकडेची, कुणी पाणी न घातलेली. मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतिष्ठान’ नावाचे वाणही दिले आहे, पण बहुतेक झाडे आजोबा-पणजोबांनी लावलेली किंवा आपोआप उगवलेली. उन्हाळ्याच्या तोंडावर बाया चिंच फोडतात. गर एका बाजूला, चिंचोका दुसऱ्या. या चिंचोक्याचे चिकटपण आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. सणगर घोंगडी विणतात, चिंचोका भाजून, दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि कुंच्याने ती घोंगडीवर ओढतात. वाळली की लोकर कडक, तुळतुळीत होते. दुसऱ्या महायुद्धात कापड गिरण्यांना खळीसाठी स्टार्च मिळेना, तेव्हा चिंचोक्याची भुकटी मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. त्याच सुमारास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत घोष आणि कृष्णा यांनी त्यातला जेल होणारा भाग वेगळा काढला; त्याला ‘जेलोज’ असे नाव पडले. आज त्याला झायलोग्लुकान म्हणतात. कणा ग्लुकोजचा, सेल्युलोजसारखाच. त्यावर झायलोजच्या फांद्या आणि काही फांद्यांच्या टोकांवर गॅलॅक्टोज. कणा पाण्यापासून दूर राहू पाहतो, फांद्या पाण्यात ओढतात, त्यामुळे हा पदार्थ विरघळतोही आणि चिकटतोही. डोळ्याच्या पृष्ठभागावर जे म्यूसिन असते, त्याच्याशी या फांद्यांची रचना मिळतीजुळती आहे. पिसा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे हेरले, आणि इटलीत चिंचोक्याच्या गोंदाचे डोळ्याचे थेंब बाजारात आले. कोरड्या डोळ्यांच्या तीस रुग्णांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते हायलुरोनिक आम्लाच्या तोडीस तोड ठरले. घोंगडीची खळ तिथे डोळ्यात गेली. आपण ती वहीत ‘नॅचरल पॉलिमर’ या मथळ्याखाली लिहीत राहिलो.

या गोंदाचा हिशेबही त्याच कसोटीवर लावू, नाहीतर चिंचोक्यावर मेहेरनजर केली असे होईल. पाठ्यपुस्तकी कृती अशी : वीस ग्रॅम भुकटी दोनशे मिलिलिटर थंड पाण्यात कालवायची, आठशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात ओतायची, वीस मिनिटे शिजवायची, रात्रभर निवू द्यायची, वरचे पाणी काढून ते दुप्पट अल्कोहोलमध्ये ओतायचे. मऊ पांढरे धागे वर येतात. गाळून, वाळवून, कुटून ठेवायचे. एक लिटर पाणी, दोन लिटर अल्कोहोल, आणि हाती फार तर तेरा ग्रॅम गोंद, कारण भुकटीत गोंदाचा वाटा साठ-पासष्ट टक्केच असतो. म्हणजे किलोभर गोंदाला पाऊणशे लिटर पाणी आणि दीडशे लिटर अल्कोहोल. शोधनिबंधात या पद्धतीला बिनदिक्कत हरित म्हटले जाते. अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येतो, पण प्रयोगशाळेत तो बहुधा मोरीत जातो; आणि मिळवायचा तर थंडाव्यासाठी कंडेन्सरमधून पाणी सोडावे लागते. दुसरी वाट कोरडी आहे. भुकटीतले प्रथिन ठिसूळ, बारीक पीठ होणारे. गोंदाचे कण जाड राहतात. नेमके दळून हवेच्या झोतात उडवले तर बारीक प्रथिन पुढे जाते, जाड गोंद मागे पडतो. सुपाने पाखडण्याचीच ही यांत्रिक आवृत्ती. द्रावक शून्य, पाणी शून्य. शुद्धता मात्र कमी.

इथे विचारी वाचक अडवेल. औषधाला लागतो किती गोंद? उसाच्या एका एकराच्या पाण्यापुढे हा हिशेब म्हणजे समुद्रात थेंब. आक्षेप खरा आहे, आणि आकडे त्याच्याच बाजूने आहेत. डोळ्याच्या थेंबांत गोंद एक टक्का असतो. एका किलोत शंभर लिटर थेंब होतात, दहा मिलिलिटरच्या दहा हजार बाटल्या. पाऊणशे लिटर पाणी त्यात वाटले तर बाटलीमागे साडेसात मिलिलिटर, बाटलीत आहे त्याहून कमी. तेव्हा डोळ्यासाठी ओली कृती खुशाल वापरावी. तिथे शुद्धता आधी. पण चोळायच्या मलमात, गोळीच्या बांधणीत, जखमेच्या पट्टीत गोंद ग्रॅमांनी जातो आणि माल टनांनी बनतो. तिथे कोरड्या वाटेने आलेला गोंद पुरतो का, हे तपासण्यासारखे आहे. हिशेब मांडला म्हणूनच ही दोन कामे वेगळी दिसली; ‘हरित’ या एका शब्दाखाली ती एकच दिसत होती.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे : झाडाचा माल दरवर्षी वेगळा. धावड्याच्या डिंकाचा रंग आणि चिकटपणा पावसाळ्याआधीचा निराळा, नंतरचा निराळा. चिंचोका कीड लागलेला असू शकतो. उघड्यावर वाळवलेल्या मालात जिवाणू असतातच. कृत्रिम पॉलिमर मात्र पोत्यागणिक तोच. यात तथ्य आहे, पण इलाजही ओळखीचा आहे. साबुदाणा, हळद, कापूस या सगळ्यांची प्रतवारी झाली ती बाजाराने मागणी केली म्हणून. चिंचोक्याची प्रत आज खळीच्या हिशेबाने ठरते. चिकटपणा, प्रथिनाचे प्रमाण, जिवाणूंची संख्या यांवर भाव ठरवायला आधी तसा घेणारा लागतो.

तिसरी अडचण कुणी फारशी काढत नाही, ती हवामानाची आहे. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की झायलोग्लुकानवरचा सुमारे पस्तीस टक्क्यांहून जास्त गॅलॅक्टोज बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराने छाटला, तर फांद्या विरळ होऊन साखळ्या एकमेकींना चिकटू लागतात, आणि तेही तापवल्यावर. गार असताना पातळ, शरीराच्या उबेत जेल. हे विकर दुधातले लॅक्टोज फोडणाऱ्या जातीचेच. ना बेंझिन, ना ग्लुटाराल्डिहाइडसारखे जळजळीत जोडद्रव्य, ना अल्कोहोल. पाण्यातच काम होते. होक्काइडोच्या विद्यापीठातल्या मियाझाकींनी या जेलवर औषधे बसवून पाहिली. हरित द्रावकाच्या चर्चेत याहून सरस उदाहरण मला माहीत नाही. गॅलॅक्टोज जितका जास्त छाटावा तितक्या कमी तापमानाला जेल धरतो, म्हणून ते तापमान हवे तसे ठरवता येते. पण ते ठरवायचे कोणत्या खोलीसाठी? होक्काइडोत खोलीचे तापमान आणि अंगाचे तापमान यांत भरपूर अंतर असते. उदगीर किंवा देगलूरच्या औषध दुकानात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोली माणसाच्या अंगाहून गरम असते. तिथे सदतीस अंशांना धरणारा जेल बाटलीतच धरून बसेल. फ्रिजमध्ये ठेवा म्हणावे, तर वीज गेल्यावर तो आत काय करतोय हे विचारायला कुणी नाही. डोळ्यासाठी तर एवढ्या करामतीची गरजही नाही. डोळ्यात टाकलेल्या साध्या थेंबातले औषध पाच टक्क्यांच्या आतच आत शिरते, बाकीचे अश्रूंबरोबर वाहून जाते. न छाटलेला, घोंगडीच्या खळीतला तोच गोंद म्यूसिनला धरून थोडा जास्त वेळ थांबतो, आणि तो मे महिन्यातही बाटलीत पातळच राहतो.